पाऊस लागला की कोळंबीला व्हायरस अचानक कुठून येतो?

पालघर-रायगडकडच्या बऱ्याच तलावांत आत्ता व्हेनामी (शेतीत वाढवतात ती कोळंबीची जात) उभी आहे आणि मृगाचा पाऊस पडला की दरवर्षीचा तोच प्रश्न सुरू होतो, की मे महिनाभर माल मस्त खात होता, मग चार दिवसांत पांढऱ्या ठिपक्यांनी तलाव साफ कसा झाला? बीजवाल्याने (कोळंबीची पिल्लं विकणाऱ्याने) फसवलं म्हणून भांडणंही होतात. कधी बीज खराब असतंही, पण बऱ्याचदा व्हायरस आधीच तलावात असतो, थोड्या प्रमाणात, आणि कोळंबी त्याला सांभाळत असते. व्हाइट स्पॉट, म्हणजे हाच पांढऱ्या ठिपक्यांचा व्हायरस, भारतात 1994 पासून आहे, खाडीतल्या खेकड्यात, जवळ्यात, रानटी कोळंबीत तो असतोच. कोळंबीवर ताण आला की तिची ताकद कमी होते आणि व्हायरस अंगात झपाट्याने वाढतो.

म्हणून पीसीआरचा (व्हायरस शोधायच्या लॅब चाचणीचा) रिपोर्ट नीट वाचा. नेस्टेड पीसीआरमध्ये, म्हणजे दोन स्टेपच्या चाचणीत, पहिल्या स्टेपला पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस भरपूर, फक्त दुसऱ्या स्टेपला आला तर थोडा. दुसऱ्या स्टेपवाला तलाव नीट ठेवला तर पीक निघूही शकतं, पण तोच एका वाईट रात्रीनंतर पहिल्या स्टेपला जाऊ शकतो. आणि निगेटिव्ह म्हणजे त्या सॅम्पलमध्ये सापडला नाही एवढंच.

आता पावसाचं गणित बघा. एक एकर तलावावर 100 मिमी पाऊस पडला की चार लाख लिटर गोडं पाणी आत आलं. तलाव 1.3 मीटर खोल आणि सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) 20 पीपीटी असेल तर सगळं मिसळल्यावर ती साडेअठराच्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याने काही आभाळ कोसळत नाही. खरी गडबड न मिसळण्याची आहे. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं, खाली खारं पाणी कोंडतं, ढगामुळे प्लँक्टन (पाण्यातलं बारीक शेवाळ) ऑक्सिजन बनवत नाही, गाळ मात्र ऑक्सिजन खातच असतो आणि कोळंबी नेमकी त्या तळाशी बसलेली. त्यात बांधावरून लाल मातीचं पाणी उतरतं, पीएच पडतो, सॅलिनिटी उतरल्यामुळे बरीच कोळंबी एकदम कात टाकते आणि कात टाकलेली कोळंबी मऊ, तिला ऑक्सिजन जास्त लागतो, दुसरी तिला खाते. मेलेली, आजारी कोळंबी खाऊनच व्हायरस सगळ्यात जोरात पसरतो हे लक्षात ठेवा.

पाण्याचं तापमानही बघा. उन्हाळ्यात पाणी 32-33 डिग्रीला असतं तेव्हा व्हाइट स्पॉट दबलेला राहतो, हे लॅबमध्ये पण दिसलंय. पावसाने तेच 27 वर आलं की त्याला रान मोकळं. मे मधला चांगला माल बघून गाफील राहू नका ते याचसाठी.

तर पाऊस सुरू होताच एअरेटर (पाणी घुसळून हवा मिसळणारं यंत्र) लावा, दिवसासुद्धा, म्हणजे पाणी मिसळेल. उघाडीच्या (तलावात पाणी आत-बाहेर करायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून फक्त वरचं गोडं पाणी जाऊ द्या. खाद्य कमी करा आणि चेक ट्रे (किती खाद्य खाल्लं ते बघायला पाण्यात ठेवलेलं ताट) बघूनच पुढचं टाका, उरलेलं खाद्य सडून अमोनिया होतो. बांधाच्या कडेने शेतीचा चुना टाका, पण जळका चुना (कळीचा चुना) उभ्या पिकात नको, पीएच एकदम चढला की आहे तोच अमोनिया जास्त विषारी होतो. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) पहाटे मोजा, दुपारचा आकडा बघून खूश होण्यात काही अर्थ नाही, पहाटे 4 पीपीएमच्या खाली जायला नको. डिझेल आणि जनरेटर आधीच बघून ठेवा, वीज नेमकी त्याच रात्री जाते.

पाणी खराब दिसतंय म्हणून खाडीचं कच्चं पाणी घेऊ नका, ही चूक सगळ्यात महागात पडते. ताण असलेल्या मालाला वरून नवीन व्हायरस म्हणजे आगीतून फुफाट्यात. घ्यायचंच असेल तर साठवण तलावात ब्लीचिंग मारून, क्लोरीन उडाल्यावर. त्या आठवड्यात रोज पाग (फेकायचं जाळं) टाकणं, थोडा माल काढून विकणं हेही टाळा, जाळ्याने घाबरलेली उरलेली कोळंबी पण ताणातच जाते.

चेक ट्रे एकदम रिकामे व्हायच्या ऐवजी भरलेले राहिले, कोळंबी दिवसा काठाला येऊन संथ फिरायला लागली, आतडं रिकामं दिसलं, अंग लालसर झालं, तर ठिपक्यांची वाट बघू नका. आणि नुसते ठिपके दिसले तरी घाबरून जाऊ नका, ते बॅक्टेरियानेही येतात, पीसीआर करून घ्या. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, दुकानदार काहीही सांगो, वर एक्सपोर्टला माल परत येतो तो वेगळाच. पहिल्या स्टेपला पॉझिटिव्ह, मर सुरू आणि माल विकण्याजोगा असेल तर लगेच काढा, कारण 3 ते 10 दिवसांत सगळा जाऊ शकतो. काढल्यावर तलावाचं पाणी तसंच खाडीत सोडू नका, ब्लीचिंग मारून काही दिवस धरून ठेवा, मेलेला माल चुना टाकून पुरा आणि शेजारच्या तलाववाल्यांना त्याच दिवशी फोन करा, म्हणजे ते आपली उघाडी बंद ठेवतील.