‘फाईल सापडत नाही’ : रिपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये पाथच्या या चुका टाळा

नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात अंबिया बहाराची संत्री यायला लागली की अडतीच्या गाळ्यावर रोज संध्याकाळी एकच कागद हवा असतो. आवक किती झाली, भाव काय निघाला, कोणत्या शेतकऱ्याची पट्टी कितीची? कॉम्प्युटर शिकलेला एखादा पोरगा हे काम पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेवर टाकतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी मांडलेल्या माहितीची साधी फाईल) वाचायची, बेरजा करायच्या, एक्सेलमध्ये रिपोर्ट काढायचा. बेरजा त्याला जमतात, पण गाडी अडते पहिल्याच ओळीवर. फाईल नॉट फाउंड एरर. ‘भाऊ, फाईल तं इथंच आहे, मग याले दिसत काऊन नाही?’

अशा वेळी बहुतेक जण पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, पुन्हा टाइप करतात, फाईल डेस्कटॉपवर हलवतात, शेवटी पायथॉनच नव्याने टाकतात. त्यातलं काहीच करू नका. आधी पायथॉन कुठे शोधतोय ते त्यालाच विचारा. (कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत, स्क्रिप्टमध्ये ते नेहमीसारखे इंग्रजीतच हवेत.)

नुसतं फाईलचं नाव दिलं, तर पायथॉन ती स्क्रिप्टच्या शेजारी शोधत नाही, चालू फोल्डरमध्ये शोधतो. चालू फोल्डर म्हणजे जिथून स्क्रिप्ट सुरू केली तो. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये वरचं मोठं फोल्डर उघडलं आणि आतली स्क्रिप्ट रन केली, की चालू फोल्डर सहसा वरचंच राहतं. म्हणून तीच स्क्रिप्ट डबल क्लिकवर चालते आणि व्हीएस कोडमध्ये रडते. पाथलिब या लायब्ररीतला पाथ इम्पोर्ट करून पाथ डॉट सीडब्ल्यूडी (पुढे रिकामा कंस लावून) प्रिंट करा, उत्तर समोर येतं.

उपाय एकदाच करायचा. स्क्रिप्टच्या वरच्या भागात ‘बेस’ नावाचं व्हेरिएबल घ्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं ‘फाईल’ पाथला द्या, त्यावर रिझॉल्व्ह आणि मग पेरेंट लावा. हे झालं स्क्रिप्टचं स्वतःचं फोल्डर. पुढचा प्रत्येक पाथ बेसला तिरकी रेघ लावून जोडा. पाथलिब पायथॉन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून सोबतच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. ओएस डॉट सीएचडीआयआर लावून फोल्डर बदलण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही, कारण दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेल्यावर तोच पाथ पुन्हा मोडतो.

दुसरी चूक नागपूरकरांना हमखास भोवते. डी ड्राइव्हवर ‘डेटा’, त्यात ‘नागपूर’ नावाचं फोल्डर आणि आत ‘आवक’ नावाची सीएसव्ही, सगळी नावं इंग्रजी लिपीत आणि छोट्या अक्षरांत. पाथ एक्सप्लोररमधून उचलून तसाच कोटमध्ये टाकला, की उलट्या तिरक्या रेघेनंतर लगेच नागपूरचा एन येतो. पायथॉन त्या जोडीला ‘नवी ओळ’ समजतो. पुढे रेघेनंतर आवकचा ए येतो, त्याचा अर्थ ‘घंटी’. मग विंडोज एरनो २२, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट असा एरर देतो. इथे संदेशाची शेवटची ओळ नीट बघा. ‘डेटा’च्या आधी दोन रेघा दिसतील, म्हणजे ती रेघ शाबूत आहे. नागपूरच्या आधी मात्र एकच दिसेल, आणि आवकचा ए जाऊन तिथे एक्स०७ आलेलं असेल. जिथे रेघ एकटी, तिथे पाथ तुटला. सीच्या युजर्स फोल्डरचा पाथ असेल तर स्क्रिप्ट सुरूही होत नाही, युनिकोडएस्केपची तक्रार येते. सुरुवातीच्या कोटआधी ‘आर’ लावा किंवा सगळीकडे सरळ तिरक्या रेघा वापरा. पायथॉनला त्या विंडोजवरही चालतात.

यापुढच्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत. विंडोज एक्स्टेन्शन लपवतो, त्यामुळे नाव बदलताना ‘आवक डॉट सीएसव्ही’ लिहिलं की खरं नाव ‘आवक डॉट सीएसव्ही डॉट सीएसव्ही’ होऊन बसतं. व्ह्यूमधून फाईल नेम एक्स्टेन्शन्स सुरू करून ठेवा. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल, तर त्याचा खरा पाथ वनड्राइव्ह फोल्डरच्या आतला असतो. आणि प्रॉपर्टीजच्या सिक्युरिटी टॅबमधून पाथ कॉपी केला, तर त्याच्या पुढे २०२ए क्रमांकाचं एक अदृश्य चिन्ह चिकटून येतं. ‘कॉपी ॲज पाथ’ वापरा, त्यात ही भानगड नाही.

मराठीत नावं देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पायथॉन ३ ला देवनागरी नावं चालतात. पण ‘व्यापाऱ्यांची यादी’ मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठतो. एका कीबोर्डवरून नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही सारखे, पायथॉनच्या लेखी मात्र वेगळी नावं. फोल्डरवर आयटरडीर फिरवून प्रत्येक नाव एएससीआयआय फंक्शनमधून प्रिंट करा. ते अदृश्य चिन्हंही आकड्यांत दाखवतं.

रिपोर्ट लिहिताना त्रास वेगळा. नसलेलं फोल्डर ओपन स्वतः तयार करत नाही. आधी एमकेडीआयआर लावा, पेरेंट्स आणि एक्झिस्ट ओके दोन्ही ट्रू ठेवून. परमिशन एरर १३ आला की बहुतेकदा कालचा रिपोर्ट एक्सेलमध्ये उघडाच असतो. तो बंद करा, ॲडमिन म्हणून चालवायची गरज नाही. नावात तारीख घालायची तर वर्ष-महिना-दिवस आडव्या रेघांनी जोडा. तिरकी रेघ घातली की पायथॉन फोल्डर शोधायला जातो, आणि विसर्ग चिन्हासारखा कोलन विंडोजच्या नावात चालत नाही.

सगळं हाताने नीट चाललं की लोक स्क्रिप्ट विंडोजच्या टास्क शेड्युलरवर (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) टाकतात आणि रोज संध्याकाळी सातची वेळ देतात. तिथे ‘स्टार्ट इन’ रिकामं सोडलं तर चालू फोल्डर सिस्टम३२ असू शकतं. त्या चौकटीत स्क्रिप्टचं फोल्डर लिहा, कोट न लावता. आवकेची फाईल गाळ्यावरच्या दुसऱ्या मशीनवर असेल आणि तुम्ही ती झेड ड्राइव्हवरून वाचत असाल, तर लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला तो झेड दिसणार नाही. तिथे दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा, मशीनच्या नावाचा पूर्ण नेटवर्क पाथ द्या, आणि त्याच्याही कोटआधी ‘आर’ लावा.