दिवे हिरवे, नेटवर्क आडवं: बॅकअप लिंक लावताना या चुका टाळा

दोन स्विचमध्ये दुसरी केबल टाकली, पोर्टचे दिवे हिरवे झाले, की ‘रिडंडन्सी झाली’, म्हणजे एक लिंक तुटली तरी दुसरी आहे, म्हणून फाइल बंद करणारे काही कमी होत नाहीत. हिरवा दिवा एवढंच सांगतो की केबलच्या पलीकडे काहीतरी जिवंत आहे. ते काय करतंय, हे तो सांगत नाही.

माझं सगळ्यात जास्त डोकं उठतं ते बंडल, म्हणजे अनेक केबली बांधून केलेली एकच लिंक, ‘ऑन’ मोडवर टाकणाऱ्यांमुळे. एलएसीपीत, म्हणजे बंडल बांधायचं का हे दोन स्विच आपसात ठरवतात त्या प्रोटोकॉलमध्ये, ॲक्टिव्ह (स्वतः आधी बोलणारा) आणि पॅसिव्ह (समोरच्याची वाट पाहणारा) असे दोन मोड असतात. दोन्ही बाजू पॅसिव्ह ठेवल्या तर कोणीच आधी बोलत नाही आणि बंडल काही बनत नाही. मग घाईतला माणूस एका बाजूला ‘ऑन’ मारतो. ‘ऑन’ म्हणजे समोरच्याला न विचारता केबली एकत्र बांधणं. लगेच बंडल वर येतं आणि साहेब घरी जातात.

एका ठिकाणी नेमकं हेच झालं होतं. तक्रार अशी की नेटवर्क ‘कधी चालतं, कधी नाही’. काही मशीन मध्येच गायब व्हायची आणि थोड्या वेळाने आपोआप परत यायची. पॅचकॉर्ड बदलून झाल्या, एक स्विचही बदलून झाला. कोअर, म्हणजे मधल्या मुख्य स्विचवर बंडलची समरी पाहिली तर दोन्ही पोर्टपुढे ‘पी’, म्हणजे बंडलमध्ये सामील. सगळं छान. पलीकडच्या स्विचवर लॉगिन करायची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती. तिथे दोन्ही पोर्टपुढे ‘आय’ होतं, म्हणजे प्रत्येक पोर्ट स्वतंत्र. ती बाजू पॅसिव्हच राहिली होती. एलएसीपीचं एकही पॅकेट न आल्यामुळे तिने दोन्ही पोर्ट सुटे चालू केले होते.

लूप (गोल फिरणारी वाट) टाळायला जादा वाटा बंद ठेवणाऱ्या स्पॅनिंग ट्रीत कोअर स्वतःच रूट ब्रिज, म्हणजे मुख्य स्विच होता आणि दोन केबलींना एकच लिंक समजत होता, म्हणून स्पॅनिंग ट्रीचा संदेश, बीपीडीयू, एकाच केबलवरून जायचा. दुसऱ्या केबलवर काहीच न आल्याने समोरच्या स्विचने तो पोर्टही उघडा ठेवला. आता कोअरवरच्या एखाद्या मशीनने एआरपी ब्रॉडकास्ट (‘हा आयपी कोणाचा?’ अशी सगळ्यांना हाक) केला की तो एका केबलने पलीकडे जायचा आणि दुसरीने परत यायचा. कोअरला वाटायचं, हे मशीन पलीकडे गेलं. मग त्या मशीनसाठी आलेली फ्रेम (डेटाचा तुकडा) पलीकडे पाठवली जायची आणि तिथेच मरायची. मशीनने पुन्हा काही पाठवलं की नोंद जागेवर यायची, पुढच्या ब्रॉडकास्टला परत बिघडायची. लॉगमध्ये मॅक फ्लॅपच्या, म्हणजे एकच मॅक (हार्डवेअर) पत्ता या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारत असल्याच्या, ओळींची रांग लागली होती, फक्त वाचायला कोणी नव्हतं. दोन्ही बाजू ॲक्टिव्ह केल्या आणि प्रश्न मिटला.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. दोन्हीकडे ॲक्टिव्ह. आधी पोर्ट शटडाउन, मग दोन्हीकडचं कॉन्फिगरेशन, मग केबल, शेवटी नो शट (पोर्ट चालू). आणि समरी दोन्ही स्विचवर बघायची. पाच मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

दुसरी लाडकी चूक ‘एक अधिक एक बरोबर दोन’ ही. १ जीबीपीएसच्या दोन लिंक बांधल्या म्हणून फाइल कॉपी २ जीबीपीएसने होत नाही. स्विच प्रत्येक फ्लोचा (दोन मशीनमधल्या एका संवादाचा) हॅश, म्हणजे पत्त्यांवरून एक आकडा, काढतो आणि तो फ्लो एकाच केबलवर बसवतो, नाहीतर फ्रेमचा क्रम बिघडेल. त्यामुळे एकट्या फ्लोला १ जीबीपीएसच मिळणार. त्यातून हॅश डेस्टिनेशन मॅकवर असेल आणि सगळी रहदारी एकाच राउटरकडे जात असेल, तर डेस्टिनेशन मॅक एकच, म्हणून केबलही एकच. दुसरी आराम करते. प्रत्येक पोर्टचे काउंटर उघडून बघा, एक भरलेला आणि दुसरा रिकामा दिसेल. हॅशमध्ये सोर्स-डेस्टिनेशन आयपी घ्या, स्विच देत असेल तर टीसीपी-यूडीपी पोर्टही घ्या. दोन्ही टोकांना हॅश वेगळा असला तरी चालतं, कारण पाठवणारा आपला आपण ठरवतो. या एका मुद्द्यावर लोक उगाच तासन्‌तास भांडतात.

शिवाय दोन्ही लिंक सत्तर टक्के भरलेल्या असतील तर बॅकअप नाहीच. एक तुटली की १.४ जीबीपीएस रहदारी १ जीबीपीएसच्या नळीत शिरायला बघते.

स्पॅनिंग ट्री ‘हळू आहे’ म्हणून बंद करणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडलंय. जुन्या ८०२.१डी स्पॅनिंग ट्रीमध्ये लिंक सावरायला ५० सेकंद लागू शकायचे, हे खरं. त्यावर उपाय रॅपिड स्पॅनिंग ट्री आहे, बंद करणं नव्हे. इथरनेट फ्रेमला टीटीएल, म्हणजे आयुष्याची मर्यादा, नसतो, लूप झाला की ती फिरतच राहते.

रूट ब्रिज कोण, हे स्वतः ठरवा. सगळ्यांची प्रायॉरिटी ३२७६८ वरच सोडली तर सर्वात लहान मॅक पत्त्याचा स्विच जिंकतो, आणि तो बहुधा कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना डबा असतो.

ट्रंकच्या (अनेक व्हीएलएएन वाहून नेणाऱ्या लिंकच्या) अलाउड यादीत नवा व्हीएलएएन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) घालताना ‘ॲड’ शब्द विसरू नका, नाहीतर जुनी यादी पुसली जाते. आणि तोच व्हीएलएएन बॅकअप ट्रंकवरही घाला. मुख्य लिंक पडल्यावर फोन (त्यांचा व्हीएलएएन बॅकअपवर नसल्याने) सोडून सगळं चालू, असली कोडी इथूनच येतात.

दोन्ही फायबर एकाच डक्टमधून नेले असतील तर खोदकामाचा एक घाव दोन्हींना पुरतो.

चाचणी म्हणजे कमांडने पोर्ट बंद करणं नव्हे, केबल उपटणं. तीही रहदारी चालू असताना, दोन्ही लिंकची आळीपाळीने, सतत पिंग लावून. फायबर असेल तर एकच धागा काढून बघा. एका दिशेनेच मेलेली लिंक यूडीएलडीशिवाय (एकतर्फी लिंक ओळखणारी सोय) बराच वेळ जिवंत असल्याचं सोंग करू शकते.

राहिला प्रश्न मुख्य लिंक परत आल्यावर तिच्यावर आपोआप जायचं का. फ्लेक्स लिंकमध्ये (सिस्कोची मुख्य-बॅकअप जोडीची सोय) हे प्रीएम्प्शन मुळातच बंद असतं आणि मी ते तसंच ठेवतो. अर्धवट सुधारलेली लिंक दर मिनिटाला येते-जाते, आणि प्रत्येक वेळी वापरणाऱ्यांना धक्का बसतो. दिवसभर बॅकअपवरच चालू द्यायचं, मुख्य लिंकवरच्या एररचे काउंटर शून्य करून ते वाढत नाहीत ना हे बघायचं, आणि रात्री गर्दी ओसरल्यावर हाताने परत फिरवायचं.