आरसी ट्रकसाठी ब्रशलेस मोटर कशी निवडावी

ब्रशची मोटर काढून आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकला ब्रशलेस (आत वीज पोहोचवणारे घासते ब्रश नसलेली) मोटर बसवायचे ठरले की बहुतेकांची नजर सर्वांत आधी केव्हीच्या आकड्यावर जाते, आणि निवड नेमकी तिथेच चुकते. मोटरवर कोणताही भार नसताना ती एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे घेते, एवढेच केव्ही सांगतो. तिच्या अंगात बळ किती आहे हे त्यावरून कळत नाही. बळ ठरते ते आतल्या तांब्यावर, लोखंडावर आणि चुंबकावर, म्हणजेच मोटरच्या आकारमानावर. म्हणून आधी आकार, मग बॅटरी, त्यानंतर केव्ही आणि शेवटी गियर, या क्रमाने जावे. पुढील विवेचनात १/१० मापाचा, चारही चाकांना जोर मिळणारा, अडीच ते तीन किलो वजनाचा मॉन्स्टर ट्रक गृहीत धरला आहे, कारण मी स्वतः तोच चालवतो.

मोटरवर ३६५०, ३६६० किंवा ३६७४ असा क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन अंक सहसा बाहेरचा व्यास आणि पुढचे दोन लांबी मिलिमीटरमध्ये दाखवतात. काही कंपन्यांची पद्धत निराळी असते, त्यामुळे प्रत्यक्ष मापे पाहूनच खात्री करावी. दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या हलक्या ट्रकला ३६५० पुरते. चारचाकी जोराच्या, मोठ्या टायरच्या ट्रकला मात्र ३६६०पेक्षा लहान मोटर घेऊ नये, आणि चॅसिसमध्ये जागा असेल तर ३६७४ घ्यावी. लांब मोटर तेच काम कमी तापून करते. १/८ मापाच्या ट्रकसाठी ४२ मिलिमीटर व्यासाच्या मोटरी असतात. त्यांचा दांडा बहुधा ५ मिलिमीटरचा, तर लहान मोटरींचा अनेकदा ३.१७ मिलिमीटरचा असतो. पिनियन (मोटरच्या दांड्यावर बसणारे लहान दातेरी चाक) विकत घेण्यापूर्वी हे माप तपासावे.

आता केव्ही. तीन सेलच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा नाममात्र दाब ११.१ व्होल्ट असतो, पूर्ण चार्ज केल्यावर तो १२.६ होतो. ३५०० केव्हीची मोटर या बॅटरीवर मिनिटाला सुमारे ३८,८५० फेरे घेईल. ट्रकचे एकूण गियर गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे फेरे) १२ आणि टायरचा व्यास ११० मिलिमीटर असेल, तर कागदावर ताशी सुमारे ६७ किलोमीटर वेग निघतो; भार, घर्षण आणि बॅटरीचा उतरणारा दाब यांमुळे मैदानावर तो बराच कमी मिळतो. हाच हिशेब दोन सेलवर ४५ किलोमीटरच्या आत येतो. आपल्याला हवा असलेला वेग आधी ठरवावा आणि या हिशेबाने उलटे येत केव्ही काढावा. नाममात्र दाबावर ३५ ते ४० हजार फेऱ्यांच्या आसपास राहणे मला सर्वांत समाधानकारक वाटते. तीन सेलसाठी ३६६० आकारात साधारण ३२०० केव्ही आणि चार सेलसाठी ३६७४ आकारात २२०० ते २५०० केव्ही, अशा जोड्या त्यातूनच निघतात.

जास्त केव्हीची किंमत कुठे मोजावी लागते, हेही समजून घ्यावे. ९.५५ला केव्हीने भागले की एका अँपिअरमागे मिळणारा टॉर्क (फिरवण्याचे बळ) न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. म्हणजे ३५०० केव्हीच्या मोटरला २००० केव्हीच्या मोटरइतकाच टॉर्क द्यायचा झाला, तर तिला पावणेदोन पट प्रवाह ओढावा लागतो. तो प्रवाह बॅटरी, तारा आणि स्पीड कंट्रोलर (मोटरला वीज देऊन वेग ठरवणारे यंत्र) या सर्वांना पेलावा लागतो.

हा धडा मी नुकसान सोसून शिकलो. नागपुरात मे महिन्यात, तीन सेलवर, ४६०० केव्हीची ३६५० मोटर घेऊन मी ट्रक गवतावर पळवला. सहाव्या मिनिटाला वेग मंदावला आणि वार्निश जळल्याचा वास आला. मोटर थंड झाल्यावर दांडा बोटांनी फिरवून पाहिला, तेव्हा चुंबकाची नेहमीची टकटक अडखळ जवळजवळ नाहीशी झाली होती. अतिउष्णतेने चुंबक कायमचा क्षीण झाला की त्याच बळासाठी मोटर आणखी प्रवाह ओढते आणि आणखी तापते. अशा मोटरला पुन्हा जीव येत नाही. बाहेरची हवाच ४५ अंशांवर असते, तेव्हा हिवाळ्यात निभावलेला गियरही उन्हाळ्यात निभावेलच असे नाही.

म्हणूनच सुरुवात लहान पिनियनने करावी. १३ दात्यांऐवजी १५ दात्यांचा पिनियन लावला तर वेग १५ टक्क्यांनी वाढतो, पण त्याच भाराला प्रवाहही तेवढाच वाढतो. आणि वेटोळ्यांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. मोठे टायर लावल्यानेही नेमके हेच घडते, आणि ही गोष्ट हमखास विसरली जाते. पाच मिनिटे चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरचे तापमान पाहावे. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचा, कमी आकडा दाखवते, त्यामुळे मोटरवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. मी ७५ अंशांच्या पुढे जाऊ देत नाही. त्याच्या पुढे गेले तर पिनियनचे एक-दोन दाते कमी करतो.

मोटर सेन्सरची, म्हणजे रोटरची (आतल्या फिरत्या भागाची) जागा कंट्रोलरला कळवणारी घ्यावी की सेन्सरविना, हा प्रश्न सोपा आहे. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये रोटर कुठे आहे हे कंट्रोलर मोटरमध्ये उलट निर्माण होणाऱ्या विद्युतदाबावरून ओळखतो. अगदी कमी वेगात हा दाब फारच थोडा असल्याने मोटर अडखळत सुटते. दगडांवरून हळू चढायचे असेल तर सेन्सरची मोटर घ्यावी. उड्या आणि वेग यांसाठी साधी मोटर पुरते, आणि धुळीत किंवा चिखलात तिच्यात बिघडण्यासारखे भागही कमी असतात. कंट्रोलर तेवढे सेल आणि मोटरचा कमाल प्रवाह पेलणारा असावा, एवढे पाहिले की पुरे.

बसवताना स्क्रू फार लांब नाहीत ना, हे नीट पाहावे. मोटरच्या तोंडावरचे स्क्रू खोल गेले तर वेटोळ्यांना टेकतात आणि नवी मोटर पहिल्याच दिवशी शॉर्ट होते. पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) दांड्याच्या सपाट भागावर आणून थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावून आवळावा. पिनियन आणि स्पर (पिनियन ज्याला फिरवते ते मोठे दातेरी चाक) यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी फिरवून घ्यावी, मोटर दाबून स्क्रू घट्ट करावेत आणि पट्टी काढावी. पट्टीवर घड्या उमटाव्यात, पण ती फाटू नये. चाके जमिनीपासून उचलून हळूच थ्रॉटल द्यावा. ती उलटी फिरली आणि मोटर सेन्सरविना असेल, तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. सेन्सरची असेल तर तारांना हात न लावता दिशा कंट्रोलरच्या सेटिंगमधून बदलावी.