ईपीएबीएक्स काढून इंटरनेटवरील फोन बसवताना

वीस-पंचवीस माणसांच्या कार्यालयातील ईपीएबीएक्स (आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणारे यंत्र) काढून इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचे ठरले, की दरपत्रके मागवण्याआधी एक पूर्ण दिवस जुन्या वायरिंगसाठी राखून ठेवावा. क्रोनच्या पेटीपाशी, म्हणजे फोनच्या सगळ्या तारा जिथे एकत्र जोडलेल्या असतात तिथे, उभे राहून तारांची कोणती जोडी कुठे जाते हे लिहून काढले, तर टेबलांवरच्या फोनांखेरीज लिफ्टमधला फोन, फाटकावरचा फोन आणि फॅक्सही याच लाइनींवर असल्याचे आढळते. नेमक्या याच गोष्टी यादीतून सुटतात.

त्यानंतरचा प्रश्न नंबरचा. मोबाइलप्रमाणे लँडलाइनचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची सोय आपल्याकडे नाही. म्हणून सध्याची कंपनी त्याच नंबरवर एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या तंत्राने चालणारी बाहेरची फोन लाइन, देते का, हे आधी लेखी विचारावे. देत नसेल, तर जुन्या लाइनी गेटवेमार्फत (दोन्ही तंत्रांमध्ये दुवा साधणाऱ्या उपकरणामार्फत) नव्या यंत्रणेला जोडून ठेवाव्यात. वर्षानुवर्षे पाटीवर आणि बिलांवर छापलेला नंबर घाईने सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रंक मात्र परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावा.

इंटरनेटच्या वेगाची चिंता सहसा नको तितकी केली जाते. जी.७११ या आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीच्या एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ९० केबीपीएस लागतात, म्हणजे एका वेळी आठ कॉल चालू असले तरी पाऊण एमबीपीएस पुरते. आवाज तुटतो तो बहुधा त्याच वेळी कोणीतरी मोठी फाइल चढवत असल्यामुळे. यासाठी स्विच आणि राउटरवर आवाजाच्या पॅकेटना (माहितीच्या तुकड्यांना) प्राधान्य द्यावे आणि फोनांसाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचे स्वतंत्र आभासी नेटवर्क, करावे. कॉल लागूनही एकाच बाजूचा आवाज येत असेल, तर राउटरमधील एसआयपी एएलजी (इंटरनेट फोनच्या संदेशांत बदल करणारी सोय) बंद करून पाहावे. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

वीज गेल्यावरचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे. तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळत असे, त्यामुळे दिवे गेले तरी तो वाजत असे. नव्या व्यवस्थेत फोन, स्विच, राउटर आणि फायबरचा डबा या चारही गोष्टींना यूपीएस हवा. पीओई, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा, स्विच घेतला, तर फोनांना वेगळे अडॅप्टर लागत नाहीत आणि एकाच यूपीएसवर काम भागते.

प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा, लांब पासवर्ड द्यावा आणि आयएसडी गरज असेल तिथेच सुरू ठेवावे, कारण सोप्या पासवर्डच्या एक्स्टेन्शनवरून रात्रीतून परदेशी कॉल करून मोठे बिल चढवण्याचे प्रकार घडतात.

नवी यंत्रणा सुरू झाल्यावरही जुन्या लाइनी निदान एक बिलिंग महिना चालू ठेवाव्यात. त्या महिन्यात एकदा कार्यालयाचा मेन स्विच मुद्दाम बंद करून लिफ्टमधून आणि फाटकावरून स्वागतकक्षात फोन लावून पाहावा. दोन्ही लागले, तरच जुन्या लाइनी बंद करण्याचा अर्ज द्यावा.