मूठ बदललेली आहे, पण कधी आणि कशासाठी?

जुन्या इंडोनेशियन शस्त्रांच्या कामात नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, ही मूठ मूळची का?" केरिस या जावाच्या खंजिराच्या बाबतीत मी त्यांना वेगळा प्रश्न विचारायला लावते: बदलली कधी, आणि कशासाठी?

जावामध्ये केरिसची मूठ बदलणं ही रीतच आहे. पात्याच्या बुडाशी गोल दांडा असतो, त्याला पेक्सी म्हणतात. त्यावर दोरा किंवा चिंधी गुंडाळून तो मुठीच्या भोकात दाबून बसवतात. खिळा नाही, रिव्हेट नाही. पातं वारशाने पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं. मूठ आणि म्यान मालकाच्या मानाप्रमाणे, ऐपतीप्रमाणे बदलतात. 1755 च्या गियांती तहाने मातारामचं राज्य फुटल्यावर सोलो (सुराकार्ता) आणि योग्याकार्ता (योग्या) दरबारांच्या घडणीही वेगवेगळ्या झाल्या. म्हणून सोलोची मूठ आणि योग्याचं म्यान एकत्र दिसलं, तर जोडी नंतर जमवली एवढंच म्हणता येतं. तेवढ्यावरून वस्तू खोटी ठरवू नका.

बोर्निओतल्या दायाक लोकांच्या मांडाऊ या तलवारीचं तसं नाही. तिथे हरणाच्या शिंगाची मूठ झाडाच्या चिकाने पक्की बसवून वर वेताची वीण घालतात. आपल्याकडच्या तलवारीची मूठ लाखेने बसवतात, तशीच ही घट्ट. त्या सांध्यात पारदर्शक, काचेसारखा चकाकणारा गोंद दिसला, तर कुणीतरी हल्ली हात घातलाय हे नक्की.

मूठ सैल असेल, तर आधी भोक बघा. टॉर्च आत धरा. जुन्या भोकाच्या भिंतीवर गंजाचा तपकिरी डाग लाकडात मुरलेला असतो आणि कडा गुळगुळीत झालेल्या असतात. नव्या भोकात फिकट लाकूड आणि ड्रिलच्या गोल रेघा दिसतात. पण जुन्या मुठीचं भोक नव्या पात्यासाठी मोठं केलेलंही असू शकतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

मग झीज. हाताच्या वापराने उंचवटे गुळगुळीत होतात, कोरीव कामाच्या खाचांत मळ राहतो. रंग लावून जुनी केलेली मूठ सगळीकडे सारखीच काळपट असते, तळहात कधी पोचत नाही तिथेसुद्धा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात, हाडावर भिंगातून काळे ठिपके दिसतात, राळेच्या (रेझिनच्या) नकली मुठीत यांपैकी काहीच नसतं.

घट्ट बसलेली मूठ ओढू नका. आत गंजलेला दांडा तुटला, तर पात्याचंच नुकसान होतं. सहज निघाली, तर दांड्यावरचा जुना दोरा फेकून न देता पाकिटात घालून वस्तूचा क्रमांक लिहा. नोंदवहीत "मूठ बदललेली" एवढ्यावर थांबू नका. "जुनी, पण या पात्याची नाही" किंवा "अलीकडची" असं स्पष्ट लिहा, आणि तसं का म्हणताय ते शेजारी लिहा.