रोहिणीतच उरकायची तलावाची कामं

पाऊस एकदा लागला की तलावाचं कोणतंच काम धड होत नाही. म्हणून 25 मेला रोहिणी लागल्यापासून मृग लागेपर्यंतचे दोन आठवडे हातचे जाऊ देऊ नका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मामा, म्हणजे जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेल्या माजी मालगुजारी, तलावांसाठी हे लिहितो आहे, त्यातही ज्यांच्या वरच्या अंगाला आता शेतं जाऊन घरांच्या प्लॉटचे लेआउट पडलेत त्यांच्यासाठी.

पहिली फेरी सलंगावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या सांडव्यावर, मारा. मागच्या साली कोणी पाणी जास्त थांबावं म्हणून विटा रचल्या असतील, रेतीची पोती टाकली असतील, तर ती आजच काढा. शेतकऱ्याला वाटतं, वीतभर पाणी वाढलं तर दिवाळीआधी धानाला एक पाणी जास्त मिळेल. पण ती वीतभर जागा पुराची असते. हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. दहा हेक्टरचा तलाव आणि त्याला शंभर हेक्टरचा येवा, म्हणजे जिथलं पाणी वाहून तलावात येतं ती जमीन, धरा. एका रात्री 100 मिलिमीटर पडला आणि त्यातला निम्मा जरी वाहून आला, तरी तलावावर थेट पडलेलं पाणी धरून पातळी दोन फूट चढते. लेआउटच्या सिमेंट रस्त्यांवरून निम्म्याहून जास्त येतं, आणि झपाट्यानं येतं. सलंग बांधणाऱ्यानं तो शेतांचा येवा पाहून बांधला होता, छपरांचा नव्हे.

दुसरा अडथळा जाळीचा. मासोळीचं बीज वाहून जाऊ नये म्हणून सलंगाच्या तोंडावर जाळी किंवा बांबूची ताटी लावतात. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचं नुकसान खरं असतं, त्यामुळे नुसतं 'जाळी काढा' म्हणून भांडण होतं, काम होत नाही. पण पहिल्या पुरात काडीकचरा आणि प्लास्टिकच्या पन्न्या त्या जाळीला चिकटल्या की जाळीची भिंतच होते आणि पाणी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, जायची वाट शोधतं. मच्छीमार संस्थेशी आताच बसून ठरवा: ताटी सलंगाला चिकटून नको, थोडी आत, अर्धगोल आणि मोठ्या फटींची. लांबी वाढली की ती लवकर तुंबत नाही. ती साफ कोण करणार, आणि ऑरेंज अलर्ट आला की उचलणार कोण, हे नावानिशी लिहून घ्या.

पाळीवरून दोन्ही बाजूंनी चाला. खेकड्यांची, उंदरांची बिळं, वारुळं आणि वाळलेल्या मोठ्या झाडांची बुंधं दिसतील. मेलेल्या झाडाची मुळं कुजली की आत पाण्याला नळी तयार मिळते. बिळं खणून चिकण माती थराथरानं ठोकून भरा. वरून मुरूम लोटून काही होत नाही. बाहेरच्या पायथ्याशी उन्हाळ्यातही ओल असेल तर ते गावानं आपल्या हातानं करायचं काम नव्हे, जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि तेव्हापासून 'हे काम कोणाचं' यातच बरेच पावसाळे निघून गेले.

तुडूमाचा (पाळीतल्या पाणी सोडायच्या मोरीचा) गेट कोरडा असतानाच पूर्ण उघडून, बंद करून बघा, ग्रीस लावा. एक मात्र समजून घ्या: तुडूम शेताच्या पाटासाठी आहे, त्यातून पाणी हळूच उतरतं. अलर्ट आल्यावर तो उघडून तलाव रिता होत नाही. म्हणून माझं मत असं की, पोळ्यापर्यंत सलंगाच्या खाली हातभर जागा राहील असं पाणी धानाच्या रोवणीला सोडत राहावं, पोळ्यानंतर तलाव भरू द्यावा. ग्रामसभेत हे सहज मंजूर होणार नाही. निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक हक्कांची महसुली नोंद) काढून पाण्यावर कोणाचा काय हक्क आहे ते वाचूनच बोलायला उभे राहा.

गाळ काढताना पोकलेनवाल्याला सोडून जाऊ नका. पाळीच्या पायथ्याजवळची माती उचलायची नाही, आणि काठ खड्या भिंतीसारखा कापायचा नाही. काठाचा उथळ उतार राहिला तरच कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई तिथं घरटी करतात. गोंदियातला सारसही अशा उथळ काठावर किंवा लगतच्या धानाच्या बांधीत अंडी घालतो, साधारण दोन, आणि ती महिनाभर उबवावी लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीत पातळी हातभर वरखाली झाली की घरटं गेलं. तेव्हा पाणी सोडायचं ते थोडं थोडं, रोज.

काठावर माजणारं बेशरमाचं झुडूप मुळासकट उपटा आणि पाळीपलीकडे उन्हात टाका. पाण्यात पडलेला तुकडा पुन्हा रुजतो. देवधान (रानटी भात) आणि कमळ मात्र राहू द्या. 'सफाई' म्हणून सगळाच हिरवा भाग खरवडणारे उत्साही लोक प्रत्येक गावात असतात, त्यांना बेशरम दाखवून तिकडेच गुंतवा.

लेआउटची नाली तलावात पडते तिथं गाळ बसायला खड्डा आणि पन्न्या अडवायला जाळी हवी, आणि दर पंधरवड्याला तो खड्डा उपसायला मजूर ठरलेला हवा.

शेवटी फोन नंबर. पाळीखालच्या वस्तीतल्या दोन घरांचे, तलाठ्याचे, सरपंचांचे आणि ताटी उचलणाऱ्याचे. गेटची किल्ली कोणाकडे आहे हे त्या कागदावरच लिहा, आणि कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात न ठेवता बाहेरच्या भिंतीवर चिकटवा. पूर रात्री आला तर कार्यालयाला कुलूप असतं.