पत्र्याची शेड घेताना आधी खालून बघा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ ओसरल्यावर वाडीत गेलो, तर शेडच्या जागी नुसती फरशी. शेड सापडली शेजारच्यांच्या पोफळीत, उलटी पडलेली. गंमत म्हणजे एकही पत्रा फाटला नव्हता. आदल्या वर्षी एका प्रदर्शनात आवडली म्हणून घेतलेली तयार शेड होती ती. दिसायला फार देखणी. आई मात्र पहिल्या दिवसापासून तिला 'बिस्किटाचा डबा' म्हणायची.

दापोली तालुक्यात आमची वाडी आहे. नारळ, पोफळी आणि कडेने हापूसची थोडी कलमं. आता उभी असलेली दुसरी शेड फॅब्रिकेटरकडून करून घेतली. ती घेताना जे विचारत गेलो ते सांगतो. कोकणाबाहेर वाऱ्यापावसाचा हिशेब वेगळा असेल, तेवढं धरून चाला.

दुकानदार आधी रंग दाखवतो. तुम्ही खाली वाका. खांब जमिनीला कसा धरलाय? आमच्या पहिल्या शेडचे खांब फरशीत फिशर, म्हणजे भोकात ठोकायच्या प्लॅस्टिकच्या गुट्ट्या, मारून स्क्रूने बसवले होते. वादळात वारा दाराच्या फटीतून आत शिरतो आणि छपराला आतून ढकलतो. वरून वाहणारा वारा त्याच छपराला वर ओढतो. म्हणजे शेड पडत नाही, उचलली जाते, आणि फिशर सुटून येतात. आता आमचे खांब दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीट भरून गाडलेत. खांबाच्या बुडाला आडवा अँगल वेल्ड केलाय, म्हणजे तो उपसून निघत नाही. तयार शेडच घ्यायची असेल तर खांबाखाली जाड प्लेट आणि काँक्रीटमध्ये पुरलेले बोल्ट मागा. 'वजनानेच बसते' असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघा.

जोतं जांभ्याचं, निदान फूटभर उंच. जुन्या लोकांनी खोपट्यालाही जोतं दिलं ते उगाच नाही. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून चिखलासकट उडतं आणि पत्रा सगळ्यात आधी खालच्या वीतभरातच गंजतो. वाळवीही तिथूनच चढते.

मग पत्रा. इथे फसवणूक नाही म्हणता येणार, पण बोलण्यात खुबी असते. 'पॉइंट पाच' म्हणतात तेव्हा ती जाडी रंग आणि जस्ताचा थर धरून असते. आतलं लोखंड त्याहून कमी. सरळ विचारा, 'कोऱ्या पत्र्याची जाडी किती?' आणि काट्यावर घाला. नेहमीचा साडेतीन फुटी रुंद, दहा फूट लांब पन्हळी पत्रा आतून ०.४५ मिलिमीटरचा असेल तर तेरा किलोच्या आसपास भरतो. दहा किलो भरला तर तो ०.३५ चा आहे, बिल काहीही म्हणो. मी वजनकाटा मागितला तेव्हा दुकानातला मुलगा हसला होता. दुसरा पत्रा त्याने स्वतःच चढवला.

बसवताना उभे राहा. छपराचे स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर हवेत, खोलगट भागात मारले तर पाणी तिथूनच आत येतं. वॉशर रबराचा, आणि तो चेपून बाहेर येईपर्यंत आवळायचा नाही. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्या पावसातच तिथे गंजाचे ठिपके उठतात. ड्रिलचा किस छपरावर पडला असेल तर त्याच संध्याकाळी झाडून काढा. उताराला मी कंजुषी केली नाही: दहा फुटांना अडीच फूट. पश्चिमेला छप्पर दोन फूट पुढे काढलं आणि दार पूर्वेला ठेवलं, कारण आमच्याकडे झड नैऋत्येकडूनच मारते.

हवा खेळली पाहिजे. चारी बाजूंनी बंद शेडमध्ये मे महिन्यात हात लावला तर चटका बसतो, आणि जुलैत कोयत्याच्या मुठीला बुरशी येते. छपराखाली समोरासमोर दोन झरोके ठेवले, त्यांना बारीक जाळी. दाराखालची फटही बुजवली, कारण आमच्या भागात फुरसं हा विषारी साप असतो आणि त्याला असल्या अंधाऱ्या जागा आवडतात.

एक गोष्ट कोणताच विक्रेता सांगत नाही. पोफळीवर फवारायला आपण मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणतो. ते ओलं होऊन पत्र्याला लागलं की जस्त खातं, मग लोखंड. माझ्या पहिल्या शेडच्या कोपऱ्याला त्यानेच वर्षाच्या आत भोक पाडलं होतं, त्याबद्दल विकणाऱ्याला बोल लावणार नाही. मोरचूद प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, फळीवर. युरियाची पोती जमिनीवर नकोत, भिंतीला टेकून तर नकोतच.

जागेचं सांगायचं तर माडाखाली शेड करू नका. नारळ पडतो तो पत्रा बघून पडत नाही.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात सगळ्यांनाच छप्पर आठवतं आणि वेल्डर फोन उचलत नाही. मोजमाप आठ बाय दहा ठरवलं असेल तर दहा बाय बारा करा. आमच्या शेडमध्ये अर्धी जागा आईने सोडणांनी (नारळाच्या सालींनी) आणि झावळ्यांनी भरली आहे, आणि ग्रास कटर अजून पडवीतच आहे.